दोन फुटांचा चौरस आणि ‘मला माहीत नाही’

शिक्षकांच्या प्रशिक्षणवर्गात ‘संवादातून शिक्षण’ हा विषय निघाला की सॉक्रेटिसचं नाव येतंच, पण बहुतेक वेळा ते नावापुरतंच येतं. सॉक्रेटिस प्रश्न विचारायचा, आपणही विचारावेत, एवढं सांगून वर्ग पुढच्या मुद्द्याकडे सरकतो. मी स्वतः कितीतरी वर्षं हेच करत आले. मग एकदा सॉक्रेटिस आणि एक गुलाम मुलगा यांच्यातला भूमितीचा तो प्रसिद्ध संवाद ओळ अन् ओळ वाचायला घेतला. हातात पेन्सिल होती आणि प्रत्येक प्रश्नापुढे मी एकच खूण करत होते: इथे मुलाला खरंच काही ठरवायचं होतं, की नुसतं ‘हो’ म्हणायचं होतं? खुणा मोजल्या तेव्हा, ज्या धड्याचं मी इतकी वर्षं कौतुक केलं तो निम्माच कौतुकाचा आहे, असं लक्षात आलं. मात्र तो निम्मा भाग माझ्या समजुतीपेक्षा फार मोठा निघाला.

या लेखात तो एकच धडा प्रकरण म्हणून घेते. प्लेटोच्या ‘मेनो’ या संवादातला तो छापील पाच-सहा पानांचा भाग आहे. लिहिला गेला इसवी सनापूर्वीच्या चौथ्या शतकात. घडतो अशी कल्पना आहे ती इ. स. पू. ४०२ च्या सुमारास, म्हणजे सॉक्रेटिसला विषाचा प्याला घ्यावा लागला त्याच्या तीनेक वर्षं आधी. हे प्रत्यक्ष वर्गाचं टिपण नाही, प्लेटोनं रचलेलं आहे, हे विसरायचं नाही. तरीही एका धड्यात कोण काय बोललं, शिकणारा कुठे चुकला, कुठे अडला, याची इतकी बारीक नोंद इतक्या जुन्या काळातली दुसरी सहसा सापडत नाही.

पेच कुठून सुरू झाला

मेनो हा ग्रीसमधल्या थेसली प्रांतातला, श्रीमंत घरातला तरुण. तो सॉक्रेटिसला विचारतो, सद्गुण शिकवता येतो का? सॉक्रेटिस म्हणतो, सद्गुण म्हणजे काय हेच मला माहीत नाही, तू सांग. मेनो एकेक व्याख्या मांडतो आणि प्रत्येक व्याख्या कोसळते. शेवटी तो वैतागतो. तू त्या समुद्रातल्या माशासारखा आहेस, म्हणतो, ज्याला स्पर्श केला की माणूस बधिर होतो. याच विषयावर मी मोठमोठ्या सभांत असंख्य वेळा उत्तम बोललोय, आणि आता तो काय आहे हेही मला सांगता येत नाही.

मग चिडलेला मेनो एक कोडं पुढे टाकतो. जी गोष्ट तुला मुळीच माहीत नाही ती तू शोधणार कशी? आणि सापडलीच, तर हीच ती हे ओळखणार कसं? सॉक्रेटिस त्या कोड्याला पूर्ण आकार देतो: जे माहीत आहे ते शोधण्याची गरज नाही, जे माहीत नाही ते शोधताच येत नाही, म्हणजे शोध अशक्य.

हे कोडं शब्दांचा खेळ म्हणून सोडून देऊ नये. शिकवणाऱ्या प्रत्येकाला ते रोज भेटतं. विद्यार्थ्याला येतं ते पुन्हा शिकवलं तर तो कंटाळतो. अजिबात येत नाही तिथून सुरुवात केली तर त्याला पाय टेकायला जागा मिळत नाही. मग शिकणं नेमकं कुठे घडतं?

न्यायदर्शनाच्या, म्हणजे भारतीय तर्कशास्त्राच्या परंपरेत वात्स्यायनानं न्यायसूत्रांच्या भाष्याच्या अगदी आरंभी एक वाक्य लिहून ठेवलं आहे: ‘नानुपलब्धे न निर्णीतेऽर्थे न्यायः प्रवर्तते, किं तर्हि? संशयितेऽर्थे.’ जे जाणलेलंच नाही त्याबद्दल न्याय, म्हणजे तर्कानं केलेली तपासणी, चालत नाही, जे ठरून गेलं आहे त्याबद्दलही चालत नाही. चालतो तो ज्याबद्दल संशय आहे त्याबद्दल. मेनो आणि वात्स्यायन यांची गाठ पडण्याचं काही कारण नव्हतं. पण मेनोच्या कोड्यातल्या दोन कप्प्यांच्या मधे जी तिसरी जागा आहे, तिच्यावर या वाक्यानं अचूक बोट ठेवलंय. माहीत असणं आणि नसणं यांच्या मधे संशय असतो, आणि शोध तिथूनच निघतो. न्यायसूत्रांतल्या सोळा पदार्थांत, म्हणजे विचाराच्या विषयांत, संशयाला तिसरं स्थान आहे, प्रमाण (ज्ञानाचं साधन) आणि प्रमेय (ज्ञानाचा विषय) यांच्या लगेच नंतरचं. ज्ञानाच्या शास्त्रात संशय हा दोष म्हणून नव्हे तर साधन म्हणून नोंदला गेलाय, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

आता सॉक्रेटिसनं हाच संशय कसा निर्माण केला ते पाहू.

धडा

सॉक्रेटिस मेनोला म्हणतो, तुझ्या नोकरांपैकी कुणालाही बोलाव. एक मुलगा पुढे येतो. तो गुलाम आहे, मेनोच्या घरात जन्मलेला. त्याचं नाव आपल्याला शेवटपर्यंत कळत नाही. सॉक्रेटिस त्याच्याबद्दल एकच गोष्ट विचारून घेतो: हा ग्रीक आहे ना, ग्रीक बोलतो ना? शिकणाऱ्याची आणि शिकवणाऱ्याची भाषा एक असणं, एवढीच त्याची पूर्वअट.

मग तो चौरस काढतो. बाजू दोन फूट, मधून दोन आडव्या-उभ्या रेषा, म्हणजे आत चार छोटे चौरस. क्षेत्रफळ चार. याच्या दुप्पट मोठा चौरस असेल तर त्याचं क्षेत्रफळ किती? आठ. त्याची बाजू किती असेल?

मुलगा क्षणभरही थांबत नाही. उघडच आहे सॉक्रेटिस, दुप्पट.

त्याचा तो ‘उघडच आहे’ मला या पानांतला सर्वांत ओळखीचा शब्द वाटतो. शिकवणाऱ्यानं तो रोज ऐकलेला असतो. चूक आहे म्हणून नव्हे, तर चूक असण्याची शक्यताच मनात नाही म्हणून तो इतक्या झटकन येतो. सॉक्रेटिस इथे ‘चूक’ म्हणत नाही. तो चार फुटांची बाजू धरून चौरस पुरा करतो आणि मोजायला लावतो. सोळा. आठ हवे होते, सोळा आले. म्हणजे बाजू दोनपेक्षा मोठी हवी आणि चारपेक्षा लहान. मुलगा म्हणतो, तीन. पुन्हा मोजतात. तीन त्रिक नऊ. तेही जमलं नाही.

आता सॉक्रेटिस काय म्हणतो ते बारकाईनं पाहण्यासारखं आहे. तो म्हणतो, मग कोणत्या रेषेवर? नेमकं सांग, आणि आकडा सांगायचा नसेल, तर दाखव तरी कोणत्या रेषेवरून.

ही सवलत वरवर साधी दिसते. पण आठ क्षेत्रफळाच्या चौरसाची बाजू दोन पूर्णांक ब्याऐंशी शतांशांहून थोडी जास्त येते आणि ती कोणत्याही अपूर्णांकात नेमकी बसत नाही. मुलगा आकडा शोधत राहिला असता तर आयुष्यभर सापडला नसता. इतका वेळ प्रश्न ‘किती’ असा होता. इथे तो ‘कोणती’ असा झाला. उत्तराचा प्रकारच बदलला, आणि तो शिक्षकानं बदलला. पुढे बोट ठेवून दाखवता येईल असं उत्तर शक्य झालं ते या अर्ध्या वाक्यामुळे.

मुलगा मात्र अजून तिथवर पोचलेला नाही. तो म्हणतो, झ्यूसशपथ, सॉक्रेटिस, मला माहीत नाही.

सॉक्रेटिस इथे धडा थांबवतो आणि मेनोकडे वळतो. बघ, म्हणतो, हा किती पुढे आलाय. आधीही त्याला माहीत नव्हतं, पण माहीत आहे असं वाटत होतं आणि तो बेधडक उत्तर देत होता. आता त्याला माहीत नाही आणि माहीत आहे असं वाटतही नाही. त्या माशासारखं आपण याला बधिर केलं, त्यात याचं काही नुकसान झालं का? मेनोला मान्य करावं लागतं, नाही झालं.

नंतरचा भाग लवकर उरकतो. सॉक्रेटिस मूळ चौरसाला जोडून तसेच आणखी तीन काढतो, सोळा फुटांची आकृती होते. मग प्रत्येक चौरसात कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एकेक तिरपी रेषा मारतो. चार तिरप्या रेषांनी आत एक नवा चौरस बंदिस्त होतो. सॉक्रेटिस विचारतो, ही आकृती केवढी? मुलगा म्हणतो, समजलं नाही. मग पायरी पायरीनं: या रेषेनं चौरसाचा निम्मा भाग कापला ना? हो. असे किती निम्मे भाग आत आहेत? चार. आणि या मूळच्यात? दोन. चार हे दोनाचे किती पट? दुप्पट. म्हणजे ही आकृती किती फुटांची? आठ. कोणत्या रेषेवर उभी आहे? या. तिला जाणकार लोक कर्ण म्हणतात, सॉक्रेटिस सांगतो. म्हणजे, मेनोच्या घरच्या मुला, तुझ्या मते दुप्पट चौरस कर्णावर उभा राहतो. अगदी तसंच, सॉक्रेटिस.

कोणती गोष्ट कुणाची

सॉक्रेटिसचा निष्कर्ष असा: याला भूमिती कुणी शिकवलेली नाही, मेनोनंच तसं सांगितलंय, मीही काही सांगितलं नाही, फक्त विचारलं, म्हणजे हे ज्ञान याच्या आत्म्यात आधीपासून होतं आणि ते याला आठवलं. तत्त्वज्ञानाच्या इतिहासात हाच पुनःस्मरणाचा सिद्धान्त म्हणून ओळखला जातो.

माझ्या पेन्सिलीच्या खुणा मात्र दुसरंच सांगत होत्या. धड्याच्या पहिल्या भागात तीन ठिकाणी मुलाला खरोखर काही ठरवावं लागलं. ‘चार फूट’ हे त्याचं होतं, ‘तीन फूट’ त्याचं होतं, आणि ‘मला माहीत नाही’ हेही त्याचंच होतं. दुसऱ्या भागात तो मोजतो, दुजोरा देतो, आणि एकदा समजलं नाही म्हणतो. तिरपी रेषा त्यानं काढलेली नाही. ती त्याला सुचावी असा एकही प्रश्न आधी आलेला नाही. सारी मदार त्या रेषेवर आणि ती तर सॉक्रेटिसच्या हातून आली.

म्हणजे या धड्यात मुलाच्या स्वतःच्या मालकीच्या गोष्टी म्हणजे दोन चुका आणि एक कबुली. बरोबर उत्तर सॉक्रेटिसचं. आणि आपण शिक्षक इतकी वर्षं त्या बरोबर उत्तरालाच संवादाचं यश समजत आलो.

न्यायसूत्रांत वादाची जी कल्पना आहे ती इथे उपयोगी पडते. मराठीत ‘वाद’ म्हटलं की भांडण डोळ्यांसमोर येतं, पण शास्त्रात वाद, जल्प आणि वितंडा या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. जल्प जिंकण्यासाठी. वितंडा म्हणजे स्वतःची बाजू न मांडता समोरच्याची नुसती मोडणं. आपला ‘वितंडवाद’ तिथूनच आला. वाद मात्र सत्य जाणण्यासाठी, आणि तो कुणाशी करावा याची यादीच सूत्रात दिली आहे: शिष्य, गुरू, सहाध्यायी आणि कल्याणाची इच्छा असलेले इतर, ज्यांच्या मनात असूया नाही असे. त्याची एक अट अशी की पक्ष आणि प्रतिपक्ष दोन्ही हवेत. दोन्ही बाजूंनी विचार करून जे ठरतं तो निर्णय.

या कसोटीवर धड्याचा पहिला भाग वाद आहे. मुलाला पक्ष आहे, ‘दुप्पट बाजू’, आणि त्या पक्षाला सोळा चौरसांनी उत्तर दिलंय. दुसऱ्या भागात मुलाला पक्षच उरलेला नाही. तिथे एकच बाजू आहे आणि ती प्रश्नचिन्ह लावून सांगितली जातेय.

आजच्या वर्गात याच दुसऱ्या भागाचं राज्य आहे. जॉन सिंक्लेअर आणि माल्कम कूल्टहार्ड या भाषाअभ्यासकांनी १९७५ मध्ये वर्गातल्या बोलण्याचा जो आराखडा मांडला, त्यात तीन पायऱ्या पुन्हा पुन्हा येतात: शिक्षक प्रश्न सुरू करतो, विद्यार्थी उत्तर देतो, शिक्षक त्यावर शेरा देतो. पुढचा प्रश्न, पुन्हा तेच. बाहेरून पाहिलं तर वर्ग प्रश्नोत्तरांनी भरलेला दिसतो. अमेरिकेत विज्ञानाच्या वर्गांचं ध्वनिमुद्रण अभ्यासताना मेरी बड रो यांना आढळलं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात. तीन सेकंद किंवा त्याहून जास्त थांबलं तर उत्तरं लांबतात, ‘येत नाही’ म्हणून गप्प बसणं कमी होतं, मुलं एकमेकांशीही बोलू लागतात. एका सेकंदात फक्त ‘उघडच आहे’ येऊ शकतं. ‘मला माहीत नाही’ यायला वेळ लागतो, कारण त्याच्या आधी माणसाला स्वतःचं उत्तर मोडताना पाहावं लागतं.

चोवीस शतकांनंतर तोच धडा

२०११ मध्ये आंद्रेआ गोल्डिन, मारियानो सिगमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. सॉक्रेटिसचे पन्नास प्रश्न त्यांनी एकविसाव्या शतकातल्या शिकलेल्या प्रौढांना आणि किशोरवयीन मुलांना जसेच्या तसे विचारले. उत्तरं थक्क करणारी होती. जिथे मेनोचा गुलाम चुकला, तिथे बहुसंख्य लोक चुकले आणि तीच चूक करून चुकले. चुकायला हजार वाटा मोकळ्या असताना सगळे त्याच वाटेनं गेले. प्लेटोला माणसाच्या मनाची नस सापडली होती हे यातून कळतं.

पण खरी परीक्षा पुढे होती. सगळे प्रश्न संपवून, कर्णाचा युक्तिवाद पूर्ण ऐकून झाल्यावर, वेगळ्या मापाचा चौरस देऊन तोच दुप्पट करायला सांगितला. जवळजवळ निम्म्या लोकांना ते जमलं नाही. प्रश्नांची वाट शेवटपर्यंत चालूनही या निम्म्यांच्या हाती मात्र काहीच उरलं नव्हतं.

हे वाचून मी स्वतः आकृती पुन्हा काढून बसले, तेव्हा एक गोष्ट लक्षात आली जी इतक्या वर्षांत कधी दिसली नव्हती. सॉक्रेटिसनं दोन फूट ही बाजू निवडली. दोन ही अशी संख्या आहे की तिच्यात दोन मिळवले तरी चार आणि दोनाने गुणलं तरी चार. क्षेत्रफळ काढण्यासाठी कुणी मनातल्या मनात बाजू गुणण्याऐवजी नुसत्या मिळवल्या, तरी उत्तर बरोबर येणार आणि शिक्षकाला पत्ताही लागणार नाही. त्यावर कळस म्हणजे या चौरसाची परिमिती आठ, आणि दुप्पट क्षेत्रफळही आठच. चार बाजूंची बेरीज करून ‘आठ’ म्हणणारा मुलगा आणि चारची दुप्पट करून ‘आठ’ म्हणणारा मुलगा बाहेरून सारखेच दिसतात.

ज्ञान म्हणजे काय, या प्रश्नाचं एक जुनं उत्तर असं: मत खरं हवं आणि त्याला कारणाचा आधार हवा. १९६३ मध्ये तत्त्वज्ञ एडमंड गेटियर यांनी अवघ्या तीन पानांच्या लेखात दाखवून दिलं की एवढं असूनही ते ज्ञान नसू शकतं; आधार असतो, मत खरं निघतं, पण दोन्हींची गाठ केवळ योगायोगानं पडलेली असते. तत्त्वज्ञानाच्या पुस्तकांत यासाठी बरीच चमत्कारिक उदाहरणं रचली जातात. मला वाटतं, वर्गात ती रचावी लागत नाहीत. दोन फुटांच्या चौरसाचं ‘आठ’ हे तसलंच उदाहरण आहे. उत्तरपत्रिकेत तर अशी किती ‘आठ’ पूर्ण गुण घेऊन जात असतील!

सॉक्रेटिसनं स्वतः काय म्हटलं होतं

इथे सॉक्रेटिसच्या बाजूनं बोललं पाहिजे, कारण आपण त्याचं अर्धंच ऐकतो. धडा संपल्यावर तो ‘मुलाला आता ज्ञान झालं’ असं म्हणत नाही. तो म्हणतो, ही मतं त्याच्यात आत्ता कुठे जागी झाली आहेत, स्वप्नासारखी. हेच त्याला पुष्कळ वेळा आणि पुष्कळ प्रकारांनी विचारलं, तर शेवटी त्याला हे कुणाहीइतकं अचूक कळेल.

पुष्कळ वेळा आणि पुष्कळ प्रकारांनी. गोल्डिन यांच्या प्रयोगात जे निम्मे लोक अडले, त्यांचं कारण प्लेटोनं आधीच लिहून ठेवलं होतं. एक फेरी म्हणजे स्वप्न. स्वप्न पडत असताना सगळं स्पष्ट असतं आणि सकाळी सांगता येत नाही.

संवादाच्या शेवटाकडे हाच धागा पुन्हा येतो. लॅरिसा गावाचा रस्ता ज्याला माहीत आहे तो तुम्हाला तिथे नेईल; पण जो कधी गेला नाही आणि ज्याचा अंदाज मात्र बरोबर आहे, तोही नेईल. मग ज्ञान खऱ्या मतापेक्षा थोर कशासाठी? सॉक्रेटिस डायडलस या दंतकथेतल्या कारागिराच्या पुतळ्यांचा दाखला देतो. ते इतके जिवंत होते म्हणे की बांधून ठेवले नाहीत तर पळून जायचे. खरी मतंही तशीच, असतील तोवर चांगली, पण टिकत नाहीत. ‘का’ या विचारानं बांधली की त्यांचं ज्ञान होतं.

मुलाच्या ‘अगदी तसंच’ला ही दावण होती का? नव्हती. कर्णच का, दुसरी रेषा का नाही, हे त्याला कुणी विचारलं नाही आणि त्यानंही विचारलं नाही. पूर्ण धडा पुन्हा चाळला तर समजून घेण्यासाठी म्हणून मुलाकडून आलेला एकही प्रश्न सापडत नाही. ‘समजलं नाही’ एकदा येतं, पण त्याचंही उत्तर आणखी एका ‘हो ना?’नं मिळतं.

तो का विचारत नाही याला आणखीही एक कारण आहे आणि ते दुखरं आहे. मालक शेजारी उभा आहे. बोलावलं म्हणून हा आलाय, जा म्हटलं की जाईल. ब्राझीलचे शिक्षणतज्ज्ञ पाउलो फ्रेइरे यांनी १९७० च्या सुमारास ज्या शिक्षणावर टीका केली, त्यात शिक्षक बँकेत भरणा करावा तसं विद्यार्थ्यात ज्ञान भरत जातो. त्यांचं म्हणणं असं की एक जण वरचा आणि एक खालचा हे नातं तसंच ठेवून खरा संवाद होऊच शकत नाही. मेनोच्या गुलामाला ‘दुसरी रेषा का नको?’ म्हणण्याची मुभा होती का, हा प्रश्न या धड्याला लागू आहे आणि तो आपल्या वर्गांनाही तितकाच लागू आहे. तरीसुद्धा, झ्यूसशपथ माहीत नाही, हे तो मालकासमोर म्हणू शकला. सॉक्रेटिसनं त्याची लाज काढली नाही, उलट त्यालाच प्रगती म्हटलं. ती एक जागा त्यानं नक्की तयार केली होती.

शिकणं म्हणजे आठवण, घडण की देवाणघेवाण, यावर इथे फार रेंगाळत नाही. जाँ पियाजे आणि लेव वायगॉट्स्की हे मुलांच्या शिकण्याचा अभ्यास करणारे दोन मानसशास्त्रज्ञ एकाच वर्षी, १८९६ मध्ये जन्मले. पियाजे यांच्या चष्म्यातून पाहिलं तर मुलाच्या मनातला ‘बाजू दुप्पट, चौरस दुप्पट’ हा साचा मोडला आणि नवा उभारावा लागला. वायगॉट्स्की यांच्या चष्म्यातून पाहिलं तर जे एकट्याला जमत नव्हतं ते जाणत्याच्या सोबतीनं जमलं, आणि आज दोघांत घडलेलं उद्या एकट्यात घडेल. दोन्ही वाचनं मला पटतात. पण दोन्हींना तो ‘उद्या’ हवा आहे, आणि प्लेटोच्या पानांत तो येत नाही. मुलगा निघून जातो आणि संवाद पुन्हा सद्गुणाकडे वळतो.

तो ‘उद्या’ वर्गात आणला तेव्हा

माझ्या वर्गात वीसेक भावी शिक्षक होते. पहिल्या दिवशी मी हा धडा सॉक्रेटिसच्या क्रमानं घेतला. माना डोलल्या, कर्णापाशी काहींचे चेहरे उजळले. दुसऱ्या दिवशी फळ्यावर तीन फुटांचा चौरस काढला आणि दुप्पट करा म्हटलं. काहींनी सहा फूट बाजू लिहिली आणि लगेच खोडली. काहींनी दीडपट केली, साडेचार. ‘कर्ण’ हा शब्द बहुतेकांना आठवत होता. त्यांनी कर्ण काढलाही, पण चौरसाच्या आतच, आणि आता याचं काय करायचं म्हणून तिथेच थांबले. एक जण म्हणाला, “मॅडम, काल कळलं होतं. आज नाही सांगता येत.” स्वप्नाचं ते वाक्य मी त्यांना अजून वाचून दाखवलेलंही नव्हतं.

मी कर्णाबद्दल पुन्हा काही बोलले नाही. प्रत्येकाला एक चौरस कागद दिला आणि सांगितलं, मोजपट्टी नको, आकडे नकोत. याच्याशी काय करता येईल ते करा. मग गप्प बसले. गप्प बसणं मला अवघड गेलं, हे मोकळेपणानं सांगते. तोंडाशी आलेला ‘कोपरे पाहिलेत का?’ हा प्रश्न मी दोनदा गिळला.

मागच्या बाकावरच्या एका मुलीनं कागदाचे चारही कोपरे मध्यबिंदूशी दुमडले. लहान चौरस तयार झाला. तिनं तो उलटसुलट पाहिला आणि म्हणाली, “हा निम्मा झाला. सगळीकडे दोन पदर आहेत ना.” कारण आधी आलं होतं, दोन पदर, आणि ते तिचं होतं. मग ती बराच वेळ कागद उघडझाप करत राहिली. उघडला की मोठा, मिटला की निम्मा. “म्हणजे मिटलेला मूळचा धरला, तर उघडलेला दुप्पट.” तिनं मिटलेला चौरस शेजारच्याच्या न दुमडलेल्या कागदावर ठेवला, फिरवला, त्याचं एक टोक कडेला लावलं, आणि मिटलेल्याचा कर्ण मोठ्याच्या बाजूवर तंतोतंत बसला. ती काही बोलली नाही. तिनं तो परत फिरवून दुसऱ्या कर्णानं तसंच करून पाहिलं.

शेजारच्यानं विचारलं, “दुसरी रेषा का नाही चालणार?” तिनं कागद त्याच्याकडे सरकवला आणि म्हणाली, “तू घे आणि घडी घालून बघ.” त्यानं आधी काठापासून थोडं आत दुमडलं, मग अर्ध्यात. कागद चौरस राहीना, नाहीतर पाव व्हायचा. तिसऱ्या खेपेला तो कोपऱ्यांवर आला.

मग तिनं विचारलं, “तिप्पट करायचा असेल तर?”

हा प्रश्न मला नव्हता. ती त्याच्याशी बोलत होती. तो म्हणाला, “दुप्पटला कर्ण लागला. तिप्पटला कर्णाची दीडपट?”

“उघडच आहे,” असं म्हणत तिनं नवा कागद ओढला, आणि दोघं मोजू लागले.